दाजींचा मार्जिनचा तास

आमच्या दाजींपेक्षा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यापेक्षा, इरसाल मास्तर अख्ख्या सातारा-सांगलीत कुणी दाखवला तर मी मिशा उतरवीन! फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कडेगावात वेबसाइट बनवायचा क्लास काढून बसले. उशिरा येणाऱ्याला अंगठे धरायला लावतात. चूक शोधायची तर कोड परेडच्या आवाजात वाचतात. एकदा त्या आरोळीनं दारातल्या चहावाल्याच्या हातून अख्खा ट्रे पडला, तर वर त्यालाच डाफरले, "हात थरथरत्यात व्हय रं तुझं?"

पण हट्ट बघावा तो बांधाचा. वाटणी झाली तेव्हा बांधाला कुणी किती रान सोडायचं, यावरनं दाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ भांडले. शेवटी इरेला पेटून दोघांनीही सोडलं, दाजींनी तीन फूट, धाकट्यानं दोन. तेव्हापासून नऊ वर्षं अबोला. "काहीही कर, पण त्यांना बोलतं कर," म्हणून बहीण माझ्यामागे लागलेली. मी काय डोंबल करणार?

परवा वर्गात मार्जिन अडलं. पानावर एकाखाली एक दोन चौकटी. वरचीनं खाली तीस पिक्सेल जागा सोडली, खालचीनं वर वीस, तर मध्ये पन्नास पडायला हवी. पडते तीसच! पोरांना काही केल्या पटेना. झालं, दाजींनी सगळा वर्ग त्या बांधावर नेला, सोबत सहज डोकावलेल्या मलाही.

"वरच्या रानानं तीन फूट सोडलं, खालच्यानं दोन. मधी किती?"

"पाच!" पोरं ओरडली.

"हितं पाच. सीएसएसमधी, म्हंजी पान मांडायच्या कोडात, तीनच. दोन मार्जिनं भिडली की मोठं तेवढं ऱ्हातं, धाकटं त्यातच आलं."

"मग सर, धाकट्याचं दोन फूट कुणी खाल्लं?" एका पोरीनं विचारलं.

तोच खालच्या उसातून धाकटा उठला. पाणी पाजत होता बिचारा. "मी न्हाई खाल्लं, दादा! मोजून बघा!"

"तुला कोन इचारतंय?" दाजी गरजले.

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. नऊ वर्षांनी बोलले होते दोघं.

परतताना दाजी माझ्या गाडीवर मागे बसलेले. मी वळून बघायचं टाळलं. मागूनच म्हणाले, "आवाज पार वडलांवानी झालाय रं त्याचा. कवा झाला, मला कळलंच न्हाई."