घटातला गहू

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझे सासरे, आबा, मुलुंडला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत कपडे कमी आणि गहू जास्त होता. घरचं बियाणं. दरवर्षी हेच ते स्वतः निवडून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात. यंदा मळणीच्या वेळी गव्हावर अवकाळी पाऊस पडला होता. गावी शेती बघणारे माझे दीर म्हणत होते, पेरणीला दुकानातलं नवीन बियाणं आणू. आबा ऐकत नव्हते.

नवरात्रात मी त्याच गव्हाचा घट बसवला. बघता बघता देवघर हिरवंगार. आबांनी काळा चष्मा वर करून पाहिलं आणि लगेच दिरांना फोन लावला.

"अरे, इथला घट बघायला ये! म्हणे नवीन बियाणं!"

मला राहवेना. "आबा, घटात आपण मुठीने पेरतो. निम्मे दाणे मेले तरी हिरवंच दिसणार. शेतात कसं चालेल?"

"आता तू मला शेती शिकव."

"शिकवत नाही. शंभर दाणे मोजून बघू."

"मोज. तुला मोजल्याशिवाय झोप कुठे लागते?"

दाणे काढायला मात्र तेच बसले, आणि टपोरे तेवढे वेचू लागले.

"आबा, निवडायचं नाही हं."

"हा बारका कशाला घेतेस?"

"पेरणीत तो जाणार नाही का?"

हसले. ओल्या पंचावर मी दहा-दहाच्या ओळी लावल्या, गुंडाळी करून ओट्याखाली ठेवली. पाणी शिंपडायला माझ्याआधी तेच हजर.

अष्टमीला पंचा उलगडला. मोड आलेले छप्पन. बाकीचे फुगून बुळबुळीत.

"पुन्हा मोज."

पुन्हा छप्पन. मग त्यांनी एकेक दाणा अंगठ्याने चाचपला. मी चहा टाकला. कप रिकामा झाल्यावर त्यांनी फोन मागितला.

"नवीन बियाणं आण. आणि दोन बोटांपेक्षा खोल पेरू नकोस."

फोन स्पीकरवर होता. दीर म्हणाले, "आबा, विहिरीजवळचे दोन वाफे तुमच्या गव्हाला ठेवतो. दाट पेरू."

"घटासारखं?"

"घटासारखं."

दसऱ्याला घट उठवल्यावर आबांनी त्यातला सगळ्यात उंच तुरा टोपीत खोवला आणि सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. कोणी विचारलं की सांगत होते, "घरचा गहू आहे."