पेशीची दारं आणि उतरलेला ताप

माझी नात मायक्रोबायॉलॉजी शिकते. डोळ्याला दिसत नाहीत असल्या जंतूंचं शिक्षण. दर रविवारी ती जुळे सोलापुरातून, माझ्या पोराच्या घरून, गाडीवर येते, डबा आणते आणि दुपारभर इथंच वाचत बसते. तिची आजी डेंग्यूनं गेली, तेव्हापासूनची ही पद्धत.

मागच्या रविवारी म्हणाली, "आबा, कॉलेजात उभं राहून बोलायचंय मला. आधी तुमच्यापुढं बोलते. तुम्हाला समजलं तर सगळ्यांना समजेल."

"म्हणजे सगळ्यात अडाणी मी, असंच की?"

"व्हय."

तोंडावर बोलायची सवय तिनं माझीच उचललीय.

विषय होता, विषाणू आपल्या पेशीतली ये-जा कशी बंद पाडतात. तिनं वहीत एक गोल काढला, त्याच्या आत दुसरा गोल. मोठा गोल म्हणजे पेशी, आतला म्हणजे खोली. शरीराचा सगळा नकाशा त्या खोलीत. तो कधी बाहेर येत नाही. त्याची नक्कल दारातून बाहेर जाते आणि तिच्याप्रमाणं बाहेर माल तयार होतो. खोलीला म्हणे हजारो दारं.

इथवर मला समजलं. चाळीस वर्षं मी चादरीच्या मागावर काढली. डिझाइनचे भोकं पाडलेले पुठ्ठे मागाच्या वर असतात. पुठ्ठा काही कापडात उतरत नाही. त्याच्याप्रमाणं दोऱ्या उचलल्या जातात, त्या दोऱ्या फळीच्या भोकांतून खाली येतात आणि खाली चादरीवर मोर उमटतो.

"बरोबर!" नात म्हणाली. "हे मी कॉलेजात सांगणार."

मग तिनं विषाणू काढला आणि माझं डोकं बंद पडलं. आरएनएचा विषाणू, तो बहुतेक वेळा खोलीत शिरतच नाही. बाहेरच आपली पिलावळ वाढवतो. पण 'घरात चोर आलाय' असा निरोप खोलीतून बाहेर गेला तर त्याची पंचाईत. म्हणून तो दारांच्या चौकटी कापतो, नाहीतर दारातून ने-आण करणाऱ्यालाच धरून ठेवतो. निरोप आत तयार, पण बाहेर जात नाही. बाहेरची बातमीही आत पोचत नाही.

"मग निरोप अडकला हे आतल्याला कळत न्हाय?"

"आत कुणी बसलेलं नाही, आबा."

"मग पुठ्ठे कोण फिरवतं?"

"कुणी नाही. आपोआप."

"आपोआप कसं? मोर बिघडला तर मी माग थांबवत होतो. हितं थांबवणारा कोण?"

ती पेन चावत बसली. मग म्हणाली, "झोपा आता तुम्ही."

"झोपतो कसला. तुझ्या त्या दारापाशीच उभा हाय अजून. डेंग्यू ह्यातलाच?"

"ह्यातलाच."

मला खरं विचारायचं होतं ते तिथं आलं.

हिला, म्हणजे नातीच्या आजीला, चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. उठून बसली, केस विंचरले, सुपात ज्वारी घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी नव्या पेठेत जाऊन तिचा तुटलेला चष्मा नीट करून आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट दुखतंय म्हणाली, हातपाय थंड पडले. दवाखान्यात नेलं. परत आणली ती गेल्यावरच.

"तुझी ती दारं बंद झाली म्हणून ताप उतरला का? शरीराची बोंब बाहेर आलीच न्हाय, आन् आमाला वाटलं बरी झाली?"

"तसं सरळ नाही, आबा. हे एका पेशीतलं आहे. ताप उतरतो त्याचं गणित वेगळं. डेंग्यूत ताप उतरला की खरा धोका सुरू होतो, एवढं माहीत आहे. पण ते तुम्हाला कसं कळणार?"

"मला माहीत होतं."

तिनं वही मिटली.

सगळ्यांना मी सांगितलं होतं की डॉक्टर काही बोलला नाही. पोराला पण तेच. खोटं होतं ते. तापात दाखवायला नेलं तेव्हाच डॉक्टर स्पष्ट म्हणाला होता, ताप उतरला तरी दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला आणा, उतरला की जास्त लक्ष ठेवा. मी ऐकलं. मला ते उलटंच वाटलं. ताप उतरल्यावर कशाला लक्ष ठेवायचं? मी हिला विचारलं, "जायचं का?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. बरी हाय मी." विषय संपला.

नातीला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर ओरडेल. तिनं विचारलं, "बाबांना सांगू?"

"तू नको. फोन लावून दे."

पोरानं फोन घेतला. मी एका दमात सांगून टाकलं, पोस्टमन चिठ्ठी वाचून दाखवतो तसं. मग तो म्हणाला, "आई काय म्हणाली होती?"

"नको म्हणाली."

"बरं," म्हणाला. मग, "येतो मी तिकडं."

नातीनं फोन ठेवला. 'बरं' म्हणजे काय ते मला समजलं नाही. आणि दुसरंच एक डोक्यात घुसलं. ती नको म्हणाली हे खरंच आहे. पण डॉक्टरचं बोलणं मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती? हे पोराला सांगायचं राहिलं. राहिलं, का मी मुद्दाम ठेवलं, तेही मला धड सांगता येईना.

"तुझा बाबा किती वेळात येईल?" मी विचारलं.

"अर्ध्या तासात."

मी दाराची कडी काढून ठेवली आणि पोराला सांगायचं राहिलेलं ते वाक्य मनात जुळवत बसलो.