लोरेन्झबाईंची भिंत

लोरेन्झबाईंना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी भिंतीवरचं एक चित्र उपटून काढलं, आणि त्याला कारण मीच होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. जहाजबांधणी शिकायला पुण्याहून हॅम्बर्गला आलेला मी खोली शोधत त्यांच्या चित्रदालनात शिरलो होतो. नाव सांगून झाल्यावर काहीतरी बोलावं म्हणून समोरच्या चित्राला "छान आहे" म्हणालो. बाईंनी ते दोन्ही हातांनी असं खेचलं की खिळ्याबरोबर गिलावाही खाली आला. "छान सूप असतं, देवधर," त्या म्हणाल्या. "हे चित्र इथे का आहे ते सांगा." मी खाली वाकून गिलावा गोळा करू लागलो. खोली मात्र मिळाली.

बाई साठीच्या, बुटक्या, आणि हात लोहाराला शोभतील असे. चित्रदालन म्हणजे युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या एका घराचा तळमजला. विक्री बेताचीच. बाईंचा खरा उद्योग वेगळा होता. चित्रं निवडून, मांडून प्रदर्शन उभं करायचं काम ज्या तरुणांना शिकायचं असे, त्यांना त्या आपली भिंत देत. त्यांनी चित्र टांगलं की बाई येऊन उभ्या राहत आणि एकच शब्द विचारत: "वारुम?" म्हणजे, का? उत्तर पटलं तर "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून निघून जात. नाही पटलं तर चित्र खाली, आणि कधी कधी चहाचा कप भिंतीवर. याला शिकवणं म्हणायचं की मारामारी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन जर्मन मुलं माझ्यादेखत रडत पळून गेली. टिकला तो एमेका ओकोये.

एमेका नायजेरियाचा, कलेचा इतिहास शिकायला आलेला. इथल्या संग्रहालयांत त्याचा देश म्हणजे काचेच्या कपाटातले मुखवटे आणि भाले. तिकडे लागोसला, इबादानला त्याच्या वयाची मुलं आज, आत्ता चित्रं रंगवत होती, त्यांचा इथे कुणाला पत्ताच नव्हता. त्यांची चित्रं जगापुढे मांडायची, हेच काम जन्मभर करायचं, असं त्याने ठरवलं होतं. मित्रांनी विश्वासाने आपली चित्रं बोटीने पाठवली होती. बाईंच्या भिंतीवरचं हे पहिलं प्रदर्शन फसलं असतं, तर पुन्हा कुणी त्याच्या हाती चित्र दिलं नसतं.

बिचाऱ्याने एक चूक केली. बंदरावरच्या दुकानातून, खलाशांना विकतात तसला एक लाकडी मुखवटा आणून दारात टांगला. बाईंनी विचारलं, वारुम? तो म्हणाला, हा नसला तर जर्मन माणसं आत येणार नाहीत. बाईंनी मुखवटा काढला आणि अंगणातल्या फरशीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले. एमेका इतका भडकला की त्याने बाईंची शिडी लाथेने पाडली. दोघं तासभर एकमेकांवर ओरडत होते. मी मध्ये पडलो तर दोघांनीही मला हाकललं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी चार माणसं आली. बाहेरच्या पाटीवर एमेकाचं नाव वाचून आली होती. पहिल्याने काच फोडली. दुसऱ्याने सुरा काढला आणि समोरच्या, इबादानचा बाजार रंगवलेल्या मोठ्या चित्रावर वरपासून खालपर्यंत ओढला. एमेका त्याच्या अंगावर धावला. त्यांनी त्याला पाडलं आणि एकाने बुटाची टाच त्याच्या मनगटावर रोवली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी खुर्ची उचलली, पण तोंडावर ठोसा बसून माझा दात पडला. तेवढ्यात आतून हातोडी घेऊन बाई आल्या. त्यांनी सुरावाल्याच्या गुडघ्यावर घाव घातला, आणि तो पडल्यावर दुसरा. बाकीच्यांनी त्याला ओढत नेलं. पोलीस आले, त्यांनी पहिल्यांदा कागदपत्रं मागितली ती एमेकाची.

जमिनीवर सगळीकडे काचा आणि रक्त. बाई त्यातच बसल्या आणि बोलायला लागल्या. नाझींच्या राज्यात गणवेशातली माणसं त्यांच्या भिंतीवरची चित्रं उतरवून घेऊन गेली होती, चौकटी रस्त्यावर गुडघ्यांनी मोडल्या होत्या. "आणि मी दार धरून उभी होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांना अडचण नको." त्यांच्या सगळ्या आदळआपटीचं मूळ मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी प्लास्टरमधला हात घेऊन एमेका परतला तेव्हा बाईंनी वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला बोलावूनही ठेवलं होतं. फाटलेलं चित्र मधोमध टांगायचं, सगळ्या शहराने बघायला यायचं, असा त्यांचा बेत. एमेका म्हणाला, ते चित्र उतरवा.

बाईंचा आवाज चढला. ते नसलं तर उद्या इथे काळं कुत्रं फिरकणार नाही, त्या म्हणाल्या.

"लोक येतील, फ्राउ लोरेन्झ, पण सुरा बघायला," एमेका म्हणाला. "माझ्या मित्राने बाजार रंगवला होता. प्रदर्शनात काय असेल ते मी ठरवतो."

बाईंनी हातातली हातोडी टेबलावर इतक्या जोरात हाणली की फळी चिरली. मला वाटलं, आता एमेकाचा दुसरा हात जातो. पण त्या वळल्या, स्वतः शिडीवर चढल्या आणि ते चित्र उतरवून आपल्या खोलीत ठेवून आल्या. छायाचित्रकार कुरकुरला, फाटलेलं चित्र नाही तर बातमीही नाही. बाईंनी त्याची कॉलर धरून त्याला रस्त्यावर ढकललं. त्याचा कॅमेराही फुटला असावा.

बातमी आली नाही. पहिल्या दिवशी मोजकी माणसं आली आणि मला बाईंचा राग आला, एमेकाचाही. कुणी बाईंना काही विचारलं की त्या एमेकाकडे बोट दाखवत. पण आलेली माणसं चित्रांपुढे थांबत होती, दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला तरी घेऊन येत होती. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका दालनाने एमेकाला हीच चित्रं घेऊन बोलावलं.

पुढे तो मायदेशी गेला. बंदरावर बाईंनी त्याला पेट्या नीट बांधल्या नाहीत म्हणून सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. तो म्हणाला, लागोसला पहिलं प्रदर्शन लावीन तेव्हा तुम्ही यायचं.

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या. "आले तर माझे हात शिवशिवतील."

दोन वर्षांनी हिवाळ्यात बाई गेल्या. मी एमेकाला तार केली. त्याच आठवड्यात तिकडे त्याचं प्रदर्शन उघडायचं होतं. त्याचं उत्तर आलं: चित्रं अजून टांगून व्हायची आहेत, येऊ शकत नाही. अंत्यविधीला आम्ही मोजकेच होतो, आणि त्याचं न येणं काहींना फार लागलं. मला नाही लागलं. अर्धी भिंत सोडून तो आला असता, तर बाईंनी शवपेटीतून उठून त्याला झोडपलं असतं.