किडलेलं जू

मेहुण्याने मला फसवलं, आणि मी मास्तरांना. पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे.

पारनेरच्या रस्त्याला माझं जुन्या अवजारांचं दुकान होतं. सायकलवर भंगार गोळा करून उभं केलेलं. भावात मला कुणी हरवलेलं नाही. रस्ता रुंद करायची नोटीस आली तेव्हा साहेब म्हणाले, महिन्यात संमतीची सही करणाऱ्याला बाजारामागे गाळा मिळेल, बाकीच्यांना काही नाही. मी नोटीस चुरगळून फेकली.

माझ्या बायकोचा भाऊही त्याच ओळीत दुकानदार. चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिला की बायका डोळे पुसतात. तो म्हणाला, "दाजी, देवानं मला दाखवलंय. दोन वर्सांत रस्ता दुसरीकडनं जानार. सही करू नका." मला हेच ऐकायचं होतं.

पाळक नसले की उपासना घेणारे आमचे निवृत्त मास्तर मात्र घरोघर सांगत होते, सही करा. कापणीच्या सणाला ते चक्क बैलाचं जू मानेवर घेऊन देवळात आले. बाबेलच्या राजापुढे मान वाकवा, त्यातच जीव वाचेल, असं मानेवर जू घेऊन आपल्याच लोकांना सांगणाऱ्या बायबलातल्या संदेष्ट्यावर बोलले. ते जू आठवड्यापूर्वी त्यांनी माझ्याच दुकानातून नेलं होतं. मधोमध किडलेलं होतं. मी तेलाचा हात मारून घट्ट म्हणून दिलं होतं.

आमच्याकडे त्या दिवशी लोक धान्य, भोपळे, कोंबड्या वाहतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलाव दरवर्षी मीच पुकारतो. मास्तरांनी वाहिलेलं जू हातात आलं आणि माझं डोकं फिरलं.

"मास्तर, देवाच्या घरात गुलामी शिकवता व्हय?"

कीड कुठे आहे ते मला माहीत होतं. बरोबर तिथेच पायरीवर आपटलं. दोन तुकडे. टाळ्या पडल्या, सगळ्यात जोरात मेहुण्याच्या.

मास्तर वाकून निखळलेल्या शिवळा, जुवाच्या खुंट्या, वेचू लागले. "लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल, बाळा."

"लोखंडी पायपाचं जू तर मीच इकतो, मास्तर! देऊ का?" लोक हसले. मीही हसलो.

महिना संपला. पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. तेव्हा कळलं, मेहुण्याने पहिल्याच आठवड्यात सही केली होती, मला "करू नका" म्हणायच्या आधीच. बाजारामागे कोपऱ्याचा गाळा त्याचा आहे. मी टेम्पोतून धंदा करतो.

जेसीबी आला त्या दिवशी अवजारं हलवायला एकच माणूस आला, मास्तर. पेरणीच्या पाभरीचं एक टोक त्यांनी धरलं होतं.

"म्हना ना मास्तर, सांगितलं हुतं म्हनून."

"ते म्हणायला गाडीभर माणसं येतील. हे टोक धर नीट."

नंतर मी बायबलातली ती पानं स्वतः वाचली. संदेष्टा मला भेकड वाटायचा, परक्या राजाचा माणूस. पण राजावर त्याचं प्रेम नव्हतंच. शिक्षा देवाकडून आली आहे हे त्याने ओळखलं होतं, आणि तिच्यातून आपली माणसं जिवंत निघावीत म्हणून तो स्वतःच्या मानेवर लाकूड घेऊन हिंडला. आणि ज्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते मोडलं, त्याने लोकांना गोड वाटेल तेच सांगितलं होतं. मी सौदेबाज माणूस. पडता भाव वेळेत मान्य करणं म्हणजे हार नव्हे, हे मी रोज गिऱ्हाइकाला शिकवतो. देवाशी मात्र घासाघीस करत बसलो.

यंदाच्या सणाला मी बाभळीचं नवं जू वाहणार आहे, आणि जुनं किडलेलं होतं हे सगळ्यांसमोर सांगून मास्तरांची माफी मागणार आहे. माझं मी भरतो.

मग मेहुण्याने उठावं. प्रार्थना नको, डोळे मिटायचे नाहीत. मास्तरांकडे बघून एवढंच सांगावं: सही करून आल्यावर आम्हाला "करू नका" म्हणालास, ते तुला कोणत्या देवानं दाखवलं होतं?