रपट्याखालचा पाइप

आमच्या तलावाच्या नहरेवर दोन गावं आहेत आणि ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहतात. वरचं गाव माझं. खालचं नहरेच्या टोकाला, करडीच्या रस्त्याकडे. खालचे म्हणत, वरचे पाणी चोरतात. वरचे म्हणत, यांना शेती करण्यापेक्षा बोंबलायचीच हौस जास्त. त्या वर्षी उन्हाळी धान गर्भावर, लोंब्या धरायच्या बेतात असताना नहरेचं दार उघडण्यावरून मारामारी झाली. खालच्या गावच्या एका शेतकऱ्याचा हात मोडला. तेव्हा सिंचन कार्यालयातल्या साहेबांना माझी आठवण झाली.

मी नागपूरला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. जाळ्यांमधून वाहणाऱ्या प्रवाहाचं गणित हा माझा विषय. रस्त्यावरचा माल असो, तारेतली वीज असो की नहरेतलं पाणी, गणित एकच. तलाव हा उगम, शेतातल्या धानाच्या बांध्या हा शेवट, आणि मधल्या प्रत्येक नहरेची वाहून नेण्याची एक ताकद. या सगळ्यातून जास्तीत जास्त किती पाणी शेवटपर्यंत जाईल आणि ते नेमकं कुठे अडतं, हे त्यातून काढता येतं. साहेबांना कुणालाही खोडता येणार नाही असं वाटप हवं होतं. मी हो म्हणाले.

मोजणीला गेले आणि पहिल्याच दिवशी कळलं की मी कुणालाच नको आहे. खालच्या गावात मी वरच्यांची पोरगी होते. भर उन्हात तिथे मला कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. नहरेत रोवलेली मोजपट्टी दुसऱ्या दिवशी उपटून फेकलेली असायची. वरच्या गावात कुजबुज होती की मी सरकारकडून पाणी तोडायला आले आहे. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांचं एकच मागणं होतं, तलाव तळाला नेऊ नका, मासोळ्या मरतील. मला ते पटलं. अमुक पातळीखाली उपसा नाही, अशी अट मी हिशेबात घातली. ते कळल्यावर मात्र दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत झालं, माझ्याविरुद्ध.

उत्तर आलं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा तपासलं. वरच्या गावातली सगळी चोरी मी हिशेबातून काढून टाकली, जणू कुणी एक थेंबही चोरत नाही. तरी टोकाला जाणारं पाणी तिळभर वाढलं नाही. ते अडत होतं वरच्या गावाची हद्द संपते तिथे, माझ्या मोठ्या बाबांच्या शेतापाशी. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. ट्रॅक्टर पलीकडे नेता यावा म्हणून त्यांनी नहरेवर रपटा बांधला होता आणि त्याखाली एकच अरुंद सिमेंटचा पाइप टाकला होता. वरून येणारं पाणी त्यात मावत नसे. ते मागे तुंबून काठावरून नाल्यात पडत होतं. वरचे चोरत होते हे खरं, पण नाल्यात जाणारंच पाणी चोरत होते.

माझ्या बाबांना मी जेवताना सांगितलं. ते भात चिवडू लागले. मग म्हणाले की पाइपाचं नाव घेऊ नकोस, नहर जुनी झाली असं लिही, साहेब समजून घेतील. मी म्हटलं, नहर जुनी झालेली नाही. ते ताटावरून उठले. आईने माझ्याकडे पाहिलं, तेही काही प्रेमाने नव्हे.

पाणी वापर संस्थेच्या शेडमध्ये बैठक झाली. अध्यक्ष मोठे बाबाच होते. भिंतीवर प्रोजेक्टरने मी नहरेचं जाळं दाखवलं, कुठे किती पाणी मावतं ते सांगितलं आणि शेवटी रपट्यावर बोट ठेवलं. मला वाटलं होतं, आता खालचे लोक मोठ्या बाबांवर तुटून पडतील. पण उठला तो गळ्यात हात अडकवलेला शेतकरी, आणि त्याचा राग माझ्यावर होता.

"म्हणजे आम्ही येवढे साल फुकटच भांडलो का?" तो म्हणाला. "माया हात पाइपासाठी मोडला का?"

मी म्हटलं, चोरी झाली नाही असं मी म्हणतच नाही, फक्त तुमचं पाणी चोरीमुळे अडलेलं नाही. ते त्याला ऐकायचंच नव्हतं. त्याच्यामागचे लोक ओरडू लागले की ही आपल्या गावाला वाचवून राहिली. त्यांचा चोरीचा आरोप मी हिरावून घेतला होता आणि त्यांना तो पाण्यापेक्षा प्यारा होता. वरच्यांनाही निर्दोष सुटल्याचा आनंद नव्हता, कारण त्यांच्या अध्यक्षाचं नाव चारचौघांत निघालं होतं.

मोठे बाबा शांतपणे उठले. त्यांनी भिंतीजवळ येऊन प्रोजेक्टरची वायर काढली.

"लहानपणी तुले खांद्यावर बसवून याच रपट्यावरून नेलं मी," ते म्हणाले. "आता तूच मले चोर ठरवून राहिली?"

"चोर नाही म्हटलं. पाइप अरुंद आहे म्हटलं."

"एकच हाये ते."

पावसाळ्याआधी सिंचन कार्यालयाने पोलिसांच्या बंदोबस्तात मशीनने रपटा फोडला. मोठे बाबा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. तिथे रुंद गाळ्याचा पूल बांधला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी टोकापर्यंत गेलं, तलावात मासोळ्यांपुरतंही राहिलं. खालच्या गावाने त्याचं श्रेय मधल्या काळात कार्यालयावर काढलेल्या आपल्या मोर्चाला दिलं. सिहोऱ्याकडच्या एका तलावाचं असंच काम मिळेल असं साहेब म्हणाले होते. ते दुसऱ्या कुणाला गेलं, मी भांडणं लावते असं त्यांच्या कानावर आलं होतं. मला वाईट वाटलं नाही, चीड आली. ती अजून गेलेली नाही.

आमच्या दोन घरांचं अंगण एक होतं. मोठ्या बाबांनी मधोमध भिंत घातली. माझे बाबा त्या भिंतीचा दोष भावाला देत नाहीत, मला देतात. मी गावी गेले की ते शेतावर निघून जातात.

गेल्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या गर्दीत मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, समोर आली. मोठे बाबा थोडं पुढे बांगड्यांच्या दुकानापाशी नातीला घेऊन उभे होते. मी वाकून नमस्कार केला. तिने पाय मागे घेतले.

"मोठी आई, माझा हिशेब चुकला होता का?" मी विचारलं.

"नाही," ती मोठ्या बाबांकडे पाहत म्हणाली. "चुकला असता तर यायनं तुले कवाच माफ केलं असतं."

ती निघून गेली. मोठ्या बाबांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि नातीचा हात धरून दुसऱ्या बाजूला वळले. मी हाक मारली नाही. मलाही त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.