पैनगंगेच्या दोन काठांवरचं स्वातंत्र्य

आधी ताजी खबर. साखऱ्याच्या पुढचा नदीकडे जाणारा रस्ता पुन्हा गाडी जाण्याजोगा झाला आहे. सेनगावहून काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या शेखभाईंनी काल फोनवर खात्री दिली. पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी वाहतं तेव्हा दोन-दोन दिवस जीप पलीकडे जात नाही. म्हणून हे वाचून कोणी निघणार असेल तर त्याने सेनगावात उतरल्यावर आधी जीपवाल्यांना विचारावं आणि मगच पुढचा बेत करावा.

मी निघाले ती एका फोनमुळे. आमच्या वर्तमानपत्रात दिनविशेषाचं सदर मी बरीच वर्षं लिहिते. त्या त्या तारखेला जगात काय काय घडलं, ते चार-पाच ओळींत द्यायचं. पंधरा ऑगस्टचा अंक निघाला आणि दुपारी हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेतून राठोड गुरुजींचा फोन आला. अत्यंत सौजन्याने ते म्हणाले, "मॅडम, तुमी लिहिलं ते बराबर हाय, पण आमच्या गावाला लागू न्हाई." त्यांचं गाव पैनगंगेच्या दक्षिण काठावर, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. समोरचा काठ वऱ्हाडचा. तिकडे सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये झेंडा लागला, इकडे अठ्ठेचाळीसच्या सतरा सप्टेंबरला निजाम शरण आल्यावर. मधे नुसती नदी. यंदा साठावं वर्ष आहे आणि झेंडा कोणी लावायचा यावरून गावात वाद पेटलाय, तुम्ही याच, असं त्यांनी सुचवलं.

सतरा सप्टेंबरला माझ्या सदरात अमेरिकेची राज्यघटना असते, एक मोठी लढाई असते, आणि शेवटी जागा उरली तर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. ती शेवटची ओळ पाहायला मी रात्रीच्या रेल्वेने परभणीला पोचले.

परभणीहून हिंगोलीची एसटी औंढ्यावरून जाते. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. सप्टेंबरात दोन्ही बाजूंनी सोयाबीन आणि हळद इतकी हिरवी असते की डोळे आपोआप मिटतात आणि मिटल्यावरही हिरवंच दिसतं. औंढ्यात उतरून मी सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत जाऊन आले. भिंतीवर वारा होता. खाली एक कोळी होडीत बसून जाळं सोडवत होता, आणि एवढ्या पाण्यात त्याच्याशिवाय काहीच हलत नव्हतं. तिथे मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. हिंगोलीत बसस्थानकाजवळ साधी लॉज आहेत. गरम पाणी बादलीने मिळतं आणि सकाळी लवकर मागावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सेनगाव, साखरा आणि तिथून शेखभाईंची जीप. पुढे ते, त्यांच्या शेजारी दोघं, मागे आम्ही नऊ-दहा जण आणि एक बकरी. गुरुजी फाट्यावर उभे होते. ते जवळच्या तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून दोन्ही मुलखांत फिरायचे. "आमच्या बैलांना सरहद ठाऊक नव्हती," ते हसून म्हणाले, "म्हून या भांडणात मी कोणाकडूनच न्हाई."

भांडण असं होतं. एरवी झेंडा सरपंच लावतात. यंदा ठरलं की त्या दिवशी जे गावात होते त्यांच्यापैकी कोणी लावावा. अशी दोनच माणसं उरली आहेत. एक काशाबाई, सत्तरी ओलांडलेल्या. दुसरे त्यांचे धाकटे दीर, दगडूबुवा. दोघांची घरं एका अंगणात, दोघांच्या मेंढ्या एका वाड्यात. आणि दगडूबुवांचं म्हणणं, वहिनी नदीपलीकडच्या आहेत, त्यांचं स्वातंत्र्य तर आधीच झालेलं, आमच्या दिवसावर त्यांचा हक्क कसा?

ऐकायला गंमत वाटते. काशाबाईंना ती वाटत नव्हती. लहानपणी लग्न झालं, अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात सासरी आल्या, इथेच मुलं झाली, इथेच नवऱ्याला माती दिली. आणि एवढ्यावरही त्या पलीकडच्याच.

जेवायला त्यांच्याकडेच होते. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, जळजळीत ठेचा. दगडूबुवा पलीकडच्या ओट्यावरून आमचं बोलणं ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं सुतळी वळत होते. मी विचारलं, सुटलेल्या मुलखातून इकडे येताना कसं वाटलं. काशाबाई म्हणाल्या की तेव्हा इथला सारा गाव निजामाच्या रझाकारांच्या धाकाने जीव मुठीत धरून नदीपलीकडे पळत होता आणि त्या एकट्याच उलट्या येत होत्या. मायने रडून विचारलं होतं, पोरीला मोगलाईत काहून धाडता? निजामाच्या मुलखाला तिकडे मोगलाईच म्हणत. पण सासऱ्याला मेंढरं सोडून पळता येत नव्हतं, आणि घरात करणारं कोणी नव्हतं.

"मोगलाई म्हणतात अजून," ओट्यावरून आवाज आला. "साठ वर्षं झाली खाऊन राहिल्या मोगलाईचं."

"तुमच्या हातचं खाल्लं असतं तर उपाशी मेले असते, भावजी," काशाबाई मान न वळवता म्हणाल्या.

जेवणानंतर त्या मला नदीवर घेऊन गेल्या. दगडूबुवाही मागून आले, मेंढरांना पाला आणायचं निमित्त करून. पाणी मातकट, भरलेलं, आवाज मात्र झोपेत कुणी बोलावं तसा. समोरच्या काठावर बाभळी आणि धुरकट ऊन. इतकं जवळ की माणूस ओळखता यावा, आणि शब्द मात्र एकही पोचू नये.

पावसाळ्यात माहेरी जाता येत नाही, म्हणून इकडे दिलेल्या मुलींची एक रीत होती. बाजाराच्या दिवशी माय समोरच्या बाभळीवर लुगडं वाळत घालायची. म्हणजे घरी सगळं ठीक. मग मुलगी इकडच्या झाडावर आपलं घालायची. त्या वर्षी सासऱ्याने ते बंद केलं. काठावर कापड दिसलं तर रझाकारांना वाटायचं, पलीकडच्या लढणाऱ्यांना खुणा चालल्यात. सगळा पावसाळा समोरच्या बाभळीवर लुगडं दिसायचं आणि इकडून उत्तर जायचं नाही.

"मायला वाटलं असंल, मी मेले," त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी त्या पाण्याला आल्या तर समोर अख्खा गाव उभा. भाऊ ओरडत होता, ऐकू काहीच येत नव्हतं. त्याच्या हातात काठीला बांधलेला झेंडा होता आणि तो अगदी पाण्यापर्यंत खाली आला.

"तसा उघडा उभा राह्यला भाऊ, अन् कोणी गोळी न्हाई मारली. मंग समजलं मला."

"मंग?" दगडूबुवांनी विचारलं. पाला तोडायचा राहूनच गेला होता.

"मंग मी बी लावला. झेंडा कुठून आणू? लुगडं होतं, ते बांधलं या झाडाच्या वरच्या फांदीला."

"कोणतं लुगडं? तुमी कधी सांगितलं न्हाई."

"तुमाला गुंडाळून आणलं होतं ते. तवा तुमी माह्या कडेवर होते, भावजी. तुमाला ताप होता. तसंच उघड्या आंगानं घरी नेलं, अन् सासूबाईंनी मला बदडलं."

 दगडूबुवा खाली वाकून पाला गोळा करू लागले.  मला वाटलं, प्रश्न आहे तिथेच आहे.

सतरा सप्टेंबरच्या सकाळी शाळेच्या मैदानावर धुकं होतं. मुलांचे फक्त पांढरे सदरे दिसत होते. झेंड्याच्या काठीजवळ दोघंही उभे, मधे गुरुजी अवघडून. गुरुजींनी दगडूबुवांकडे पाहिलं. दगडूबुवांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाले, "वहिनी, दोरी वढा. लेकरं ताटकळली."

काशाबाईंनी ओढली. गाठ सुटेना, तेव्हा दोन्ही हातांनी ओढली. वर धुक्यात काय उलगडलं ते आम्हाला नीट दिसलंही नाही. फुलं पडली ती दिसली.

घरी येऊन महिना होत आला. सदर रोज लिहिते. तारीख लिहिली की आता आधी मनात येतं, ही कोणत्या काठावरची? एकच दिवस सगळीकडे एकदम उजाडतो, असं मी इतकी वर्षं गृहीत धरत आले होते. तो नदीपाशी थांबतो, पाणी उतरायची वाट पाहतो, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा राठोड गुरुजींचा पुन्हा फोन आला. काशाबाईंच्या भावाने पलीकडच्या गावात प्रस्ताव मांडलाय की पुढच्या पंधरा ऑगस्टला तिथला झेंडा बहिणीने लावावा, कारण तिकडचा पहिला झेंडाही तिने पाहिला आहे. तिथे काही जण अडून बसलेत की ती बाई मोगलाईतली, तिचा काय संबंध.

दिवाळीनंतर नदी पायी ओलांडण्याजोगी होईल, तेव्हा काशाबाई स्वतः पलीकडे जाऊन बोलणार आहेत. साक्षीला दगडूबुवा जाणार आहेत.