आंबलेला कॅन कुणाचा

आमच्या घरमालकांइतका संशयी माणूस अख्ख्या मल्लेश्वरममध्ये शोधून सापडला नसता. ही निंदा नव्हे; संशय हीच त्यांची नोकरी होती. डेअरीत दूध तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल पांघरवली, तर तिचा एक धागा त्यांनी तिथेच ओढून पाहिला, असं त्यांची बायको सांगायची. त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि तिला अक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरमध्ये मुरलेलं मराठी घर. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि भांडण दोन्हींत. मी वरच्या खोलीतला भाडेकरू. चिकोडीकडच्या खेड्यातला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, एका लॅबमध्ये रक्त तपासणारा. खोली देण्याआधी अण्णांनी माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट उजेडात धरलं, कडेला नखानं खरवडलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. खरं दिसतंय." मला राग आला होता. त्या कागदाला माझ्या बापानं हात धुऊन स्पर्श केला होता.

इतर लोक खिशात पेन ठेवतात, अण्णा दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर ठेवत. जयनगरला एका लग्नात ते थेट आचाऱ्याच्या पातेल्यापाशी पोचले आणि दुधात काचेची नळी सोडून बसले. आचारी म्हणाला, "स्वामी, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?" अण्णा मान वर न करता म्हणाले, "मी दुधाकडचा." खीर होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि अक्का मांडवातल्या बायकांपासून तोंड लपवत फिरली. पण त्यांच्या कर्तबगारीचा खरा किस्सा नासलेल्या टँकरचा. बारा गावांचं दूध एका टँकरात, आणि सगळंच आंबलेलं. जो तो दुसऱ्या गावाकडे बोट दाखवतोय. अण्णांनी बाराही कॅनचे राखून ठेवलेले नमुने ओळीनं मांडले, एकेकाचा वास घेतला, आणि सातव्यापाशी थांबले. "दूध खोटं बोलत नाही रे," ते मला सांगत. "नमुना हातात असला की आधी आंबलेला कॅन सापडतोच." हा किस्सा मी निदान पन्नास वेळा ऐकला असेन. दर वेळी कॅन सातवाच असे, म्हणजे किस्साही खरा असावा.

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा सगळी गल्ली दारं लावून बसली. अण्णा मात्र रोज सकाळी दुधाच्या बूथवर जात, रांगेत उभे राहत, आणि पिशवी हातात आली की मास्क हनुवटीखाली ओढून तिचा वास घेत. एक नाही, चार-चार पिशव्या हुंगत. अक्का फाटकातून ओरडायची, "अहो, नाक झाका की!"

"नाक झाकून वास कसा घेऊ?"

"मग नका घेऊ! दूध पळून चाललंय का?"

त्यानंतर पंधरा दिवसांत अक्काला ताप आला. दवाखान्यात नेलं तेव्हा ती गाडीतून स्वतः उतरून चालत आत गेली, मला म्हणाली, "भाकरी झाकून ठेवलीय, खाऊन घे." परत आली नाही. शेवटचं तोंडही कुणाला धड दिसलं नाही. अण्णांना एक दिवस नाक गळण्यापलीकडे काही झालं नव्हतं, आणि त्या गोंधळात त्यांची तपासणी करायचं कुणाला सुचलंही नाही.

मग त्यांनी तपासणंच सोडलं. जे दूध येईल ते घ्यायचे, भाजीवाली देईल ती भाजी. आमच्या गल्लीला ते बघवत नव्हतं. दोनेक महिन्यांनी एका रविवारी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"माझं रक्त काढ," म्हणाले. "ते अँटिबॉडी का काय म्हणतात, ते बघ."

"कशाला, अण्णा?"

"कॅन शोधायचाय."

मला कळायला वेळ लागला. घर म्हणजे टँकर. नासलं ते कुणामुळे, हे त्यांना माझ्या लॅबकडून हवं होतं. रक्तात करोनाची खूण निघाली तर बूथवरून तो आपणच आणला. नाही निघाली तर आपण सुटलो. इतका सरळ हिशेब. मी समजावलं की लशीनंही अँटिबॉडी तयार होतात, त्यांनी एक डोस घेतलाच होता. वेगळी एक तपासणी असते, त्यांनी घेतलेल्या लशीनं ती फसत नाही, खरी लागण झाली असेल तरच ती खूण दाखवते. पण खुणा काळानं विरूनही जातात, म्हणून नाही निघाली तरी सुटका नाहीच. अण्णा म्हणाले, "स्वल्प कमी बोल. सुई काढ."

त्या वेगळ्या तपासणीचा रिपोर्ट आला. रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे खूण निघाली होती. खाली एक आकडाही होता. अण्णा फाटकाजवळच्या पायरीवर बसून तो कागद वाचत होते.

"आकडा मोठा आहे," ते म्हणाले. "म्हणजे जुनं. म्हणजे आधी मला."

"आकड्यावरून दिवस काढता येत नाही, अण्णा. तुम्हाला होऊन गेला, एवढंच हा कागद सांगतो. कधी झाला, कुणाकडून झाला, ते नाही सांगत. तुम्हाला अक्काकडूनही झाला असेल."

ते ताडकन उभे राहिले. "मेलेल्या बाईवर ढकलतोस? ती फाटकाबाहेर तरी गेली होती का? तिला मग कुणी दिला?"

खरं म्हणजे तेव्हा गप्प बसता आलं असतं. लॅबमधल्या आम्हा सगळ्यांची तीच तपासणी महिन्यापूर्वीच झाली होती. मला कधी साधी कणकण आली नव्हती, तरी माझ्या नावापुढे तोच शब्द होता. त्या दिवसांत मी रोज लॅबमधून यायचो तेव्हा अक्का जिन्याशी डबा घेऊन उभी असायची. "आधी चव सांग, मग वर जा," म्हणायची. मी मास्क काढून तिच्यासमोर घास खायचो. हे मी महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी दिला असेन," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी मला निरखून पाहिलं. ओळीत मांडलेल्या नमुन्यांकडे ते कसे बघत असतील, ते मला त्या दिवशी समजलं. मग अगदी हळू ते म्हणाले, "म्हणजे तूही असशील."

"हो."

"आणि मीही."

"हो."

"आणि कळणार नाही."

"नाही, अण्णा. कधीच नाही."

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. त्यांनी कागदाची घडी घातली, पायरीवर पुन्हा बसले, आणि थोडे बाजूला सरकले. "बस," म्हणाले.

आता मी शहराबाहेर होसकोटेला राहतो, बायको आहे, मुलगी आहे. रविवार साधून मल्लेश्वरमला जातो. आम्ही दोघं त्या विषयावर पुन्हा बोललो नाही, पण अण्णांशिवाय दुसऱ्या कुणाजवळ मला इतकं गप्प बसता येत नाही. दुपार झाली की ते भात टाकतात, मी आमटी करतो, आणि दोन्ही बिघडतात. अक्का असती तर तिनं आम्हा दोघांना स्वयंपाकघरातून हाकललं असतं, शिव्या घालत जेवायला बसवलं असतं, आणि आधी कोण, नंतर कोण, हे विचारलंही नसतं.